काक्षी मोजायला शिका: मृग नक्षत्रातल्या लाल ताऱ्याचं निरीक्षण, दुर्बिणीशिवाय

जूनच्या ७-८ तारखेला ‘मृग लागला’ म्हणतात आणि पेरणीची लगबग सुरू होते. त्या रात्री आभाळ स्वच्छ असलं तरी मृग नक्षत्र मात्र दिसणार नाही. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. तिथले सगळे तारे मग त्याच्यासोबत उगवतात आणि त्याच्यासोबतच मावळतात. ते रात्री बघायचे तर सूर्य आकाशाच्या समोरच्या बाजूला जायला हवा, आणि त्याला सहा महिने लागतात. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो, त्यावरूनच महिन्याला हे नाव मिळालं. तेव्हा आपला हंगाम डिसेंबर ते मार्च.

या नक्षत्रातला लालसर तारा म्हणजे काक्षी, इंग्रजी पुस्तकांतला बीटलज्यूस. आर्द्रा नक्षत्राचा तारा म्हणून बहुतेक जण यालाच धरतात. आकाशात त्याच्याहून तेजस्वी तारे आहेत, पण नवशिक्याने पहिला तारा म्हणून काक्षीच निवडावा असं मला मनापासून वाटतं. कारण हा तारा बदलतो. आठवड्यागणिक, महिन्यागणिक त्याची तेजस्विता कमी-जास्त होते, आणि हा बदल नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो. १८३६ मध्ये जॉन हर्शेल यांनी तो टिपला तेव्हा त्यांनीही डोळ्यांनी शेजारच्या ताऱ्यांशीच तुलना केली होती. तुम्हालाही तेच करायचं आहे. वही, पेन्सिल आणि गच्ची किंवा अंगण एवढं पुरेल. दुर्बीण घ्यायचा विचार असेल तर तूर्त थांबा, या कामात तिचा फारसा उपयोग नाही.

पहिली पायरी: वेळ साधा

महाराष्ट्रातून पाहताना काक्षी डिसेंबरच्या मध्यावर संध्याकाळ सरताच पूर्वेला वर येऊ लागतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सर्वांत उंच पोचतो, जानेवारीच्या त्याच सुमारास रात्री साडेदहाला आणि फेब्रुवारीत साडेआठला. प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की कॅलेंडर बघून वेळ ठरवता येते.

मुंबई-पुण्याहून तो जवळजवळ डोक्यावर, किंचित दक्षिणेकडे कललेला दिसतो, क्षितिजापासून सुमारे ७८ अंशांवर. मान दुखू नये म्हणून चटई टाकून उताणं पडा. परदेशात असाल तर चित्र बदलतं. लंडनहून तो दक्षिण आकाशात निम्म्या उंचीपर्यंतच चढतो, आणि सिडनीहून सगळं नक्षत्र उत्तरेला उलटं लटकलेलं दिसतं.

शहरातल्या उजेडाची सबब इथे चालत नाही. काक्षी आणि त्याच्याशी ताडून पाहायचे तारे इतके ठळक आहेत की ठाण्यातल्या इमारतीच्या गच्चीवरूनही दिसतात. फक्त समोरचा हॅलोजन किंवा रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यांत येणार नाही अशी जागा धरा, मोबाइल खिशात ठेवा आणि डोळ्यांना पंधरा-वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या.

दुसरी पायरी: तारा नक्की ओळखा

आधी एका ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर असलेले तीन तारे शोधा. आपल्याकडच्या कल्पनेत हा व्याधाने मारलेला बाण. त्याभोवतीच्या मोठ्या चौकोनाच्या कोपऱ्यांवरचे चार तारे म्हणजे मृगाचे चार पाय. त्या चौघांतला लालसर तो काक्षी. बाणाच्या पलीकडे, तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर निळसर-पांढरा राजन्य आहे.

पूर्वेला उगवताना हा चौकोन आडवा पडलेला असतो. बाण जवळजवळ उभा, त्याच्या डावीकडे काक्षी, उजवीकडे राजन्य. माथ्यावर आल्यावर दक्षिणेकडे तोंड केलंत तर काक्षी वरच्या डाव्या कोपऱ्यात सापडेल. पश्चिमेला उतरताना पुन्हा सगळं फिरतं आणि तो उजवीकडे जातो. पुस्तकातलं चित्र एकाच स्थितीतलं असतं, म्हणून नवशिके गोंधळतात. एकाच रात्री तीन-तीन तासांनी दोनदा पाहिलं की हा गोंधळ कायमचा मिटतो.

आता बाणाची रेघ दोन्हीकडे वाढवा. एका टोकाला व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. दुसऱ्या टोकाला नारिंगी रोहिणी. मृगाचं रूप घेऊन रोहिणीच्या मागे धावणारा प्रजापती आणि त्याच्यावर बाण सोडणारा व्याध ही गोष्ट या एकाच रेघेवर मांडलेली आहे, आणि तारे लक्षात ठेवायला मला तिच्याइतकं उपयोगी काही माहीत नाही. रोहिणीसुद्धा तांबूस असल्याने काक्षीऐवजी तिच्यावर बोट ठेवणारे पुष्कळ भेटतात. काही वर्षी मंगळही त्या भागातून जातो. शंका आली की तीन ताऱ्यांच्या बाणाकडे परत या. चौकोनाच्या कोपऱ्यावर जो आहे तोच काक्षी.

मदतीला मोबाइलवर स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप आहे. पण ते घरात बसून बघा आणि बाहेर आल्यावर बंद करा.

तिसरी पायरी: रंग बघायला शिका

पहिल्या रात्री फक्त रंग बघा. काक्षी, मग राजन्य, मग पुन्हा काक्षी, असं तीन-चार वेळा नजर फिरवा. एकट्या ताऱ्याचा रंग डोळ्याला पटकन कळत नाही, जोडी समोर ठेवली की कळतो. घरात साधी द्विनेत्री असेल तर तिचा फोकस किंचित बिघडवा. ताऱ्याचा ठिपका पसरून छोटी चकती होते आणि रंग चांगला उठून दिसतो. द्विनेत्रीचं काम एवढंच.

हा रंग म्हणजे तापमान. काक्षीचा पृष्ठभाग साधारण ३,५०० केल्विन, आपल्या सूर्याचा ५,८०० च्या आसपास आणि राजन्याचा सुमारे १२,०००. तिघांत थंड काक्षीच, म्हणून तो लाल. आणि थंड असूनही इतका ठळक दिसतो, कारण तो अवाढव्य आहे. त्याचा व्यास सूर्याच्या साधारण सातशे ते नऊशे पट असावा. सूर्याच्या जागी त्याला ठेवलं तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ सगळे त्याच्या पोटात जातील आणि त्याचा पृष्ठभाग लघुग्रहांच्या पट्ट्यात कुठेतरी असेल.

चौथी पायरी: तेजस्विता मोजा

खरं काम हे, म्हणून इथे घाई करू नका.

ताऱ्याची तेजस्विता ‘प्रत’ या एककात सांगतात. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. एका प्रतीचा फरक म्हणजे प्रकाशात सुमारे अडीच पट फरक, पाच प्रतींचा म्हणजे बरोबर शंभर पट. काक्षी बहुतेक काळ ०.५ च्या आगेमागे असतो. त्याच्याशी ताडून बघायला हे तारे घ्या:

ब्रह्महृदय – ०.१
प्रश्वा – ०.४
रोहिणी – ०.९
पुनर्वसूच्या जोडीतला अधिक तेजस्वी तारा – १.१
बेलाट्रिक्स – १.६

ब्रह्महृदय उत्तरेकडे उंचावर असतो. प्रश्वा सापडायला सोपा, कारण व्याध, काक्षी आणि प्रश्वा मिळून जवळजवळ समभुज त्रिकोण होतो. पुनर्वसूचे दोन तारे त्याच्याही उत्तरेला, शेजारी शेजारी, आणि त्यांतला प्रश्वाच्या बाजूचा आपल्याला हवा. बेलाट्रिक्स मृगाच्या चौकोनातच, काक्षीच्या बाजूच्या कोपऱ्यावर. राजन्याचीही प्रत ०.१ च्या जवळपास आहे, पण तो स्वतः किंचित बदलतो आणि त्याचा निळसर रंग लाल ताऱ्याशी तुलना करताना फसवतो. म्हणून मी तो घेऊ नका म्हणेन.

आता काक्षीहून थोडा तेजस्वी एक आणि थोडा मंद एक असे दोन तारे निवडा. नेहमीच्या दिवसांत ही जोडी प्रश्वा आणि रोहिणी असते. या दोघांमधल्या फरकाचे मनातल्या मनात पाच भाग करा आणि काक्षी कुठे बसतो ते ठरवा. समजा तो प्रश्वाहून दोन भाग मंद आणि रोहिणीहून तीन भाग तेजस्वी वाटला. दोघांतला फरक ०.९ वजा ०.४, म्हणजे ०.५. त्याचे पाच भाग केले की एक भाग ०.१ चा. प्रश्वाच्या ०.४ मध्ये दोन भाग मिळवले की झाले ०.६. ही तुमची नोंद. यापेक्षा अचूक आकडा नुसत्या डोळ्याला मिळत नाही, आणि तसा लिहायचा प्रयत्नही करू नये.

काक्षी रोहिणीहून मंद दिसला तर रोहिणी आणि पुनर्वसू घ्या. प्रश्वाहून तेजस्वी दिसला तर ब्रह्महृदय आणि प्रश्वा. बेलाट्रिक्सची गरज क्वचित पडते, पण २०२० च्या फेब्रुवारीत ती पडली होती. ती हकीकत पुढे येतेच.

या मोजमापात डोळा तीन ठिकाणी फसतो. पहिली जागा उंचीची. क्षितिजाजवळचा तारा जाड हवेच्या थरातून दिसतो, त्यामुळे मंद आणि जास्त लाल वाटतो. तारा क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली असेल तर त्या रात्री मोजू नका. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे तीन मुठी. त्यातही सर्वांत चांगली वेळ काक्षी माथ्यावरून पुढे सरकल्यानंतर पाऊण-एक तासाने येते. तेव्हा तो आणि प्रश्वा जवळजवळ समान उंचीवर असतात आणि रोहिणीही ५५ अंशांच्या वर असते.

दुसरी जागा लाल रंगाची. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहत राहिलं की तो हळूहळू अधिक तेजस्वी वाटू लागतो. म्हणून झटकन एक नजर काक्षीकडे, झटकन दुसऱ्या ताऱ्याकडे, आणि परत. असं काही वेळा करून जो अंदाज पुन्हा पुन्हा येतो तो धरा. दोन माणसांच्या डोळ्यांना लाल रंग सारखा दिसत नाही, तेव्हा मित्राचा आकडा ०.२ ने वेगळा आला तर वाद घालू नका. तुमचा डोळा दर वेळी तुमच्याच पद्धतीने बघतो, आणि चढ-उतार पकडायला तेवढं पुरतं.

तिसरी जागा मनाची, आणि मला ती सर्वांत धोक्याची वाटते. मागच्या वेळी ०.६ लिहिलं होतं हे आठवत असलं की आजही ०.६ च दिसतं. इंटरनेटवर इतरांचे आकडे आधी पाहिले तर डोळा तेच बघतो. नोंद लिहून होईपर्यंत मागचं पान उलटायचं नाही आणि दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

चंद्र मृगाच्या जवळ असेल त्या दोन-तीन रात्री सोडून द्या. थंडीतलं धुरकं सगळीकडे सारखं असेल तर हरकत नाही, पण पातळ ढगांचे पट्टे फिरत असतील तर वही मिटा.

पाचवी पायरी: वही

तारीख, वेळ, ठिकाण, कोणते दोन तारे घेतले, अंदाज काय आला, आकाश कसं होतं. एवढे रकाने पुरेत. ‘खात्री नाही’ असं वाटलं तर तेही लिहा. काक्षी सावकाश बदलतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा मोजलं तरी पुरे. रोज मोजणारे बहुधा पंधरवड्यात कंटाळतात. हंगाम संपला की आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर तारखा आणि उभ्या अक्षावर प्रत घेऊन ठिपके मांडा. लहान आकडा वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे तेज वाढलं की रेघही वर जाते.

अशा हौशी नोंदी साठवणारी अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था १९११ पासून काम करते आहे आणि ती जगभरातल्या कोणाचीही नोंद घेते. सवय बसल्यावर तुमचे आकडे तिथे जरूर पाठवा. सोबत हवी असेल तर पुण्यात १९४४ साली सुरू झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आणि मुंबईकरांसाठी वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेणारं खगोल मंडळ आहे. अनुभवी माणसाशेजारी बसून केलेली एक तुलना चार लेख वाचण्यापेक्षा जास्त शिकवते.

काक्षी बदलतो तो का

तो लाल महाराक्षसी तारा आहे. वय जेमतेम ८० लाख ते १ कोटी वर्षं. सूर्याचं वय ४६० कोटी, तरी सूर्य अजून ऐन भरात आहे आणि काक्षी म्हातारा झाला. जड ताऱ्यांचं असंच असतं. इंधन जास्त, पण जाळण्याचा वेग त्याहून कितीतरी जास्त.

त्याचं शरीर सुमारे ४०० दिवसांत एकदा फुगतं आणि आकसतं. त्यावर सुमारे २,१०० दिवसांचा, म्हणजे जवळपास सहा वर्षांचा आणखी एक सावकाश चढ-उतार आहे. दोन्ही लयी काटेकोर नाहीत, म्हणून पुढच्या महिन्यात तो किती तेजस्वी असेल हे आधी नेमकं सांगता येत नाही. मोठ्या लयीचं कारण बराच काळ कोड्यात होतं. २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीतून त्याला अगदी चिकटून फिरणाऱ्या मंद सोबत्याच्या खुणा मिळाल्या, आणि त्या सोबत्याचा फेरा या लयीशी जुळतो.

पृष्ठभागही शांत नाही. उकळत्या पिठल्यात मोठमोठे बुडबुडे वर येऊन फुटतात तसे तप्त वायूचे प्रचंड लोट वर येतात आणि थंड होऊन खाली जातात. एकेक लोट ताऱ्याच्या मोठ्या भागावर पसरलेला. २०१९ मध्ये असाच एक मोठा लोट पृष्ठभागावरून सुटून बाहेर फेकला गेला. तो थंड झाला, त्यातून धूळ तयार झाली आणि ती नेमकी आपल्या बाजूला आली. त्या भागातला पृष्ठभागही थंडावला होता. ऑक्टोबर २०१९ पासून काक्षी मंद होत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला. नेहमीच्या ०.५ च्या तुलनेत प्रकाश जवळपास पावणेतीन पट कमी. तेव्हा तो बेलाट्रिक्सच्या बरोबरीला आला होता आणि मृगाचा चौकोन ओळखीचा वाटत नव्हता. एप्रिल-मेपर्यंत तो सावरला. २०२३ च्या वसंतात उलट नेहमीपेक्षा ठळक तेजस्वी झाला.

या मंदावण्याची एक नोंद तर जपानच्या हिमावारी-८ या हवामान उपग्रहाने ठेवली. तो पृथ्वीवरचे ढग टिपत असताना चित्राच्या कडेला काक्षीही येत होता, आणि संशोधकांनी त्या जुन्या चित्रांतून त्याची तेजस्विता काढली.

त्याचं अंतर साधारण साडेपाचशे ते सातशे प्रकाशवर्षं. म्हणजे आज तुमच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश ज्ञानेश्वरांनंतर आणि एकनाथांच्या आधी कधीतरी निघाला. अंतरात एवढी संदिग्धता का? पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा आकाशात अगदी किंचित हलल्यासारखा दिसतो आणि त्यावरून अंतर काढतात. काक्षीची चकतीच या हालचालीपेक्षा कित्येक पट मोठी आहे. तिच्यावरचे लोट बदलले की चकतीचा मध्यही सरकल्यासारखा वाटतो. ही चकती पहिल्यांदा मोजली गेली १३ डिसेंबर १९२० रोजी, कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत. अल्बर्ट मायकेलसन आणि फ्रान्सिस पीज यांनी १०० इंची दुर्बिणीवर २० फुटांची तुळई बसवून ०.०४७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) हे माप काढलं. सूर्य सोडता कोणत्याही ताऱ्याचा व्यास माणसाने मोजण्याची ती पहिली वेळ.

तो फुटणार का? फुटणार, पण बहुतेक संशोधकांच्या मते येत्या एक लाख वर्षांच्या आत कधीतरी. मंद झाला की फुटणार अशा बातम्या दर वेळी येतात, त्यांना काही आधार नाही. फुटला तर तो दिवसाही दिसेल. इतक्या अंतरावरून पृथ्वीला त्याचा धोका नाही. १०५४ साली जवळच्याच वृषभ राशीत असा एक तारा फुटला होता आणि चीनमधल्या निरीक्षकांनी तो २३ दिवस भरदिवसा पाहिल्याची नोंद केली. तो काक्षीहून सुमारे दसपट दूर होता.

हंगाम संपताना

एप्रिलमध्ये काक्षी संध्याकाळीच पश्चिमेला कलतो. तीन मुठींच्या वर आहे तोवर नोंदी चालू ठेवा, मग थांबा. जूनच्या २०-२१ तारखेला सूर्य त्याच्याजवळून जातो, आणि लगेच आर्द्रा नक्षत्र लागतं. ऑगस्टमध्ये तो पहाटे पूर्वेला परत दिसू लागतो, पण आपल्याकडे पावसाचे ढग हटेपर्यंत त्याची भेट होणं कठीण. ऑक्टोबरमध्ये पहाटे उठायची तयारी असेल तर हंगाम दोन महिने लवकर सुरू करता येतो, आणि त्या वेळी हवाही धुऊन निघालेली असते.

मधल्या काळात हात चालू ठेवायचा तर मे महिन्यात रात्री आग्नेयेला वृश्चिकातली ज्येष्ठा बघा. तीही लाल, तीही महाराक्षसी आणि तीही बदलणारी, फक्त तिचा बदल काक्षीपेक्षा कमी. तुलनेला चित्रा घ्या, तिची प्रत १.०. पहिल्या पावसाआधी चार-पाच नोंदी सहज होतात.